बेटकुळीच्या आत

अकरावीला जीवशास्त्र शिकवताना वर्गात तालमीतली पोरं असली की स्नायूंचा धडा रंगतो. कोल्हापुरात ती असतातच. यंदा एकानं पहिल्या बाकावरच दंड वळवून बेटकुळी काढली आणि विचारलं, “सर, ही वर येत्या म्हंजे आतल्या दोऱ्या आखडत्यात न्हवं?”

नाही आखडत!

दंडातला एकेक स्नायूतंतू म्हणजे एकच पेशी. जाडी केसाएवढी किंवा त्याहून कमी, लांबी मात्र काही सेंटिमीटर, आणि केंद्रकं शेकड्यांनी. आत तंतुकांचे जुडगे. प्रत्येक तंतुक सार्कोमियर नावाच्या तुकड्यांचा बनलेला, एक तुकडा साधारण 2.2 मायक्रोमीटरचा. म्हणजे 10 सेंटिमीटरच्या तंतूत एकापुढे एक असे 45,000 तरी. तुकड्याच्या मधोमध मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे, दोन्ही टोकांकडून आत आलेले ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे बारीक धागे. दंड वळताना बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून आत सरकतात. स्वतः एकही आखूड होत नाही. 1954 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात शास्त्रज्ञांच्या दोन जोड्यांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. दोन्ही जोड्यांत एकेक हक्सले, पण नातं काही नाही.

सरकवतात ती जाड धाग्यांवरची मायोसिनची डोकी. मज्जातंतूचा इशारा आला की पेशीतल्या जाळीतून कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरचं झाकण बाजूला होतं, आणि डोकी विहिरीतून कळशी ओढावी तशी धर, ओढ, सोड करत राहतात. एका ओढीत सरक जेमतेम 10 नॅनोमीटर.

पोरांना वाटतं ताकद फक्त ओढायला लागते. पण ॲक्टिन सोडायला डोक्याला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, नवा रेणू लागतोच. रविवारी मटणाच्या दुकानात ताजा तुकडा थरथरताना दिसतो ना? त्यात एटीपी उरलेलं असतं. काही तासांनी ते संपतं, धरलेली डोकी सुटत नाहीत आणि मांस ताठरतं. पुढं ते मऊ पडतं, पण ते डोक्यांनी पकड सोडली म्हणून नव्हे. विकरं (एन्झाइम) प्रथिनंच तोडायला लागतात म्हणून. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचे दोघं शाकाहारी फार खूश झाले.

“मग जोर मारून वाढतं काय, सर?”

तंतूंची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. आत तंतुकं वाढतात आणि एकेक तंतू जाड होतो. थंडाईतल्या बदामांचा प्रश्नही लगेच आला. तो पचनसंस्थेच्या धड्यावर ढकललाय.