पूर्ण वर्गापाशी अडलेली माझी दहावी

सतरा नंबरचा फॉर्म भरून, नोकरी सांभाळत दहावीला बसलो, तेव्हा गणित भाग १ मधील वर्गसमीकरणे इतकी छळतील असे वाटले नव्हते. अवयव पद्धत लगेच जमली. त्यानंतर आलेल्या पूर्ण वर्ग पद्धतीने मात्र मला परीक्षेच्या तोंडापर्यंत अडवून ठेवले.

शिकवणीतल्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही: क्षच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवा. निम्म्याचाच का, आणि वर्गच का, असे विचारले की पायऱ्यांना गुण असतात, त्या पाठ करा, एवढेच सांगितले जाई. पंधराव्या वर्षी असे पाठांतर होत असेलही. चाळिशीत कारण कळल्याशिवाय पायरी डोक्यात राहत नाही.

माझी सुटका झाली ती नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाने मांडलेल्या क्ष² + १०क्ष = ३९ या उदाहरणामुळे. कागदावर क्ष बाजूचा चौरस काढावा आणि १०क्षचे दोन सारखे भाग करून, ५ रुंदीचे दोन आयत चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना जोडावेत. आकृती मोठ्या चौरसाची होऊ लागते, पण एक कोपरा रिकामा राहतो, आणि त्याची लांबी-रुंदी ५ व ५ असल्यामुळे तो भरायला नेमके २५ लागतात. आयत दोन म्हणून निम्मे, कोपरा चौरस म्हणून वर्ग! पाच मिनिटांच्या या आकृतीसाठी मला इतके ताटकळावे लागले. पुढे ३९ + २५ = ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष = ३. बाजूची लांबी ऋण नसते म्हणून आकृतीत एवढेच उत्तर दिसते; परीक्षेत क्ष + ५ = −८ हेही घेऊन −१३ हे दुसरे मूळ लिहावेच लागते. मात्र √६४ म्हणजे केवळ ८. ± येते ते ८ आणि −८ या दोहोंचा वर्ग ६४ असतो म्हणून.

क्ष²चा सहगुणक १ नसेल तर पुस्तकी रीत आधी त्याने भागायला लावते आणि अपूर्णांकांचा गुंता होतो. प्राचीन भारतीय गणितज्ञ श्रीधराचार्यांची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते: क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि क्षच्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवावा. ३क्ष² + ७क्ष = −२ ला १२ ने गुणले की ३६क्ष² + ८४क्ष = −२४; दोन्हीकडे ४९ मिळवले की (६क्ष + ७)² = २५. मुळे −१/३ आणि −२. प्रश्नात पद्धतीचे नाव दिले असेल तर उत्तरपत्रिकेत पुस्तकी पायऱ्याच लिहाव्यात आणि ही रीत कच्च्या कामात पडताळ्यासाठी ठेवावी.

आधीच सांगायला हवे होते, पण आता आठवले: स्थिरपद उजवीकडे नेताना त्याचे चिन्ह बदलल्याची खात्री कोपरा भरण्यापूर्वीच करून घ्यावी.