एसएस ३१६एल आणि एका शतांश ओहमचा छळ

माझ्या ई-सिगारेटच्या टीसीमधल्या (टेम्परेचर कंट्रोल, म्हणजे कॉइलचं तापमान ठरवून देणारा मोड) जळक्या झुरक्याचा चोर अखेर सापडला. लिक्विडच्या टँकच्या बुडाशी, ५१० च्या (टँक मॉडला, म्हणजे बॅटरीच्या डब्याला, जोडणाऱ्या आट्यांच्या) पिनपाशी दडून बसला होता.

बिल्ड, म्हणजे हाताने वळलेली कॉइल, मागचीच आहे. २६ गेज एसएस ३१६एल (स्टेनलेस स्टीलची तार), ३ मिमीच्या जिगवर (तार वळायची कांडी) ५ वेढे, ०.३५ ओहम, सिंगल कॉइल, लिक्विड ७०/३० (७० टक्के व्हीजी, म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन). साध्या वॉटेज मोडवर हिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. २२ वॉटला मऊ, २४ ला चव नीट उघडते. २८ च्या पुढे गेलं की पहिले दोन झुरके झकास आणि तिसऱ्याला घसा खरवडतो, कारण ७० टक्के व्हीजी घट्ट असतं, ते वातीतून तेवढ्या वेगाने कॉइलपर्यंत चढत नाही. इथपर्यंत सगळं सरळ.

टीसीवर टाकलं की तमाशा सुरू. २१५ अंश, टीसीआर (दर अंशाला रेझिस्टन्स किती पटीने वाढतो तो आकडा) ९२, म्हणजे ०.०००९२, ३० वॉट. सकाळी या आकड्यांवर वाफ इतकी पातळ की मॉड चालू आहे ना हे बघावं लागे. संध्याकाळी आकडे तेच, टँक अर्धी भरलेली, आणि उघडून पाहावं तर कापूस तपकिरी. कापूस बदलला, वात सैल केली, घट्ट केली, टीसीआर ९२ चा ८८ केला. कशानेही फरक नाही. उलट ८८ ने गोंधळ वाढलाच, कारण आता आधीच्या नोंदींशी काही जुळेना.

मग कागद घेऊन बसलो. टीसीमध्ये मॉडला तापमान दिसत नाही, त्याला फक्त रेझिस्टन्स दिसतो. कांथल या दुसऱ्या कॉइल-तारेचा रेझिस्टन्स तापल्यावर जवळपास बदलत नाही, म्हणून कांथलवर टीसी नाही. एसएसचा बदलतो, पण किती? ०.३५ ओहमची कॉइल २० अंशांवरून २१५ वर गेली तर ०.४१३ होते. सगळा खेळ ०.०६३ ओहममध्ये. म्हणजे वाचनात ०.०१ चा फरक पडला की तापमान ३१ अंशांनी चुकतं! २१५ मागितलं तर मिळणार २४६. कोरडा कापूस २१५ च्या आसपासच करपायला लागतो हे ड्राय कॉटन टेस्ट केलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणि माझ्या मॉडच्या पडद्यावर दशांश दोनच. ज्या आकड्यावर सगळं उभं आहे, तोच तो गोल करून दाखवतो.

एका मित्राकडे एव्हॉल्व कंपनीच्या डीएनए बोर्डाचा (मॉडच्या आतलं सर्किट) मॉड आहे, तो चार दिवसांसाठी पळवून आणला. एव्हॉल्वच्या बोर्डांचं कौतुक करावं तेवढं थोडं. ज्यांनी २०१४ मध्ये डीएनए ४० मधून टीसी बाजारात आणलं, त्यांचंच एस्क्राइब सॉफ्टवेअर आजही बाकीच्यांच्या मेनूंपेक्षा कैक पटींनी शहाणं आहे. लॅपटॉपला जोडलं, डिव्हाइस मॉनिटर उघडला, रेझिस्टन्सचा आलेख लावला आणि फायर न करता टँक बोटाने नुसती हलवली. रेघ ०.३४७ वरून टुणकन ०.३६१ वर. परत हलवली, ०.३५२. कॉइल थंडगार, आणि आकडा उड्या मारतोय.

टँक उलटी करून भिंगाखाली धरली. पॉझिटिव्ह पिनच्या स्क्रूच्या आट्यांत कारखान्यातलं काळं तेल तसंच वाळून बसलेलं, आणि पिनभोवतीचं पीक (PEEK) प्लास्टिकचं इन्सुलेटर सैल. टँक मॉडवर घट्ट पिळली की पिन केसभर आत सरके, सैल केली की बाहेर. ब्रँडचं नाव घेत नाही, पण एवढ्या पैशांत दहा जास्तीचे ओ-रिंग देण्यापेक्षा पिन धड बसवली असती तर उपकार झाले असते.

आता सकाळ-संध्याकाळचं कोडंही सुटलं. संपर्क खराब असताना बेस (गार कॉइलचा धरलेला रेझिस्टन्स) ०.३६ ला लॉक झाला आणि नंतर पिन नीट टेकली, तर मॉडला वाटतं कॉइल अजून गार आहे, म्हणून तो वर ३१ अंशांहूनही जास्त देतो. उलट झालं, लॉक केल्यावर संपर्क बिघडला, तर त्याला वाटतं कॉइल आधीच तापलीय, आणि तो पॉवर कापतो. जळका झुरका आणि फिकी वाफ, दोघांचा बाप एकच. शिवाय माझा मॉड खोली २० अंशांवर आहे असं धरून चालतो. इंग्लंडातल्या हिवाळ्यात सकाळी स्वयंपाकघर १२ वर असतं, त्यात आणखी नऊ-दहा अंश कमी पडतात.

स्क्रू काढून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आटे पुसले, इअरबड काळाकुट्ट निघाला. नवं इन्सुलेटर घातलं, डेकचे (कॉइल बसते त्या चौथऱ्याचे) प्लस डोक्याचे स्क्रू फेकून हेक्सचे ग्रब स्क्रू बसवले (प्लसवाले दुसऱ्याच बिल्डला गुळगुळीत होतात, कशाला देतात देव जाणे). आता टँक हलवा, आपटा, रेघ ०.३४८ वर ठाम. झुरका घेतला की ३० वॉटने उसळी, पाठोपाठ २१५, आणि मग वॉटेज हळूहळू १७ पर्यंत उतरतं. कस्टर्डमधला व्हॅनिला पहिल्यांदाच वेगळा कळला. मग मुद्दाम टँक कोरडी होईपर्यंत ओढत राहिलो. शेवटचा झुरका नुसता विझला. घशाला काही नाही, कापूस पांढरा. यासाठीच तर टीसी हवं होतं. कोरड्या वातीवर फॉर्मल्डिहाइड वाढतं, सिगारेट सोडून पुन्हा तेच ओढण्यात काय अर्थ?

पुढचा बेत ड्युअल कॉइलचा होता. हा हिशेब लिहिता लिहिताच तो बारगळला. समांतर दोन कॉइल म्हणजे बेस आणखी खाली, म्हणजे त्याच शतांशाचे आणखी अंश. उलट दिशेने जायला हवं. २८ गेज, २.५ मिमी, ७ वेढे, साधारण ०.६७ ओहम. तिथे ०.०१ ची चूक १६ अंशांवर येते. टायटॅनियमचा टीसीआर एसएसच्या जवळजवळ चौपट, कागदावर मोह होतो. पण ती तार लाल करून जाळायची सोय नाही, पांढरं ऑक्साइड धरतं. नको.

०.६७ ला १८ वॉट पुरतील, लिक्विडही कमी लागेल. ऑक्टोबर २०२६ पासूनचा ब्रिटनचा कर दर १० मिलीला २.२० पौंड आहे, निकोटिन असो वा नसो. शॉर्टफिल (निकोटिन नसलेली, थोडी रिकामी बाटली) आणि निकशॉट (त्यात घालायचं निकोटिन) मिळून ६० मिलीला नुसता कर १३.२० पौंड, वर व्हॅट. ढगांची हौस महागात जाणार. गोड लिक्विडंही बंद करतोय, सुक्रालोज कॉइलवर करपून चिकटतं आणि वाचन पुन्हा बिघडवतं.

पुण्याला जाताना मॉड इथेच राहील. तिकडे २०१९ च्या कायद्याने आयात, वाहतूक, विक्री, साठवण सगळंच बंद आहे, तेव्हा खिशात निकोटिनचं च्युइंगम.

२८ गेजचं रीळ मागवलंय. तयार वेढ्यांची पाकिटं घेऊ नका, एकाच पाकिटातल्या दोन कॉइल ०.०३ ने वेगळ्या निघाल्यात. मित्राचा मॉड परत करण्याआधी टँकमध्ये कॉइलऐवजी जाड तांब्याचा तुकडा लावून मॉडचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजला, ०.००४ आला. एस्क्राइबमध्ये मॉड रेझिस्टन्सच्या रकान्यात त्याने शून्य ठेवलं होतं. भरून दिलाय. आता माझ्या मॉडला असा रकानाच नाही, म्हणून वापरलेला डीएनए ७५सी कुणाकडे पडून असेल तर कळवा.