मावळ्याचा हात आणि पितळी तार

कथील-शिशाच्या मिश्रधातूत ओतलेल्या ५४ मिलिमीटरच्या मावळ्याच्या छोट्या पुतळ्याचा हात वळवायचा असेल, तर तो खांद्याशी कापणेच मला योग्य वाटते, कारण हा धातू मऊ असला तरी वाकवताना बाहीच्या चुण्यांशी तडकू शकतो. आपल्या कोल्हापुरात गुजरीतले (सराफ बाजारातले) कारागीर वापरतात तशी सोनारी करवत घ्यावी. पात्याला मेण लावले की दातांत कीस अडकत नाही. शिसे विषारी, म्हणून कीस ओल्या फडक्यानेच पुसावा. हात नव्या दिशेने पुन्हा जोडताना नुसत्या सुपरग्लूवर मात्र मुळीच विसंबू नये. आडव्या धक्क्याने तो सुटतो. कापलेल्या एका तोंडावर ओल्या रंगाचा ठिपका द्यावा, दुसरे तोंड त्यावर टेकवावे आणि दोन्ही खुणांवर १ मिलिमीटरचे भोक हातानेच, सावकाश पाडावे. त्यात पितळी तार व इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) बसली, की हात तलवारीसकट पक्का राहतो.