दोन ट्रॉल्या आणि एक चढ

गतीच्या नियमांवरच्या उदाहरणांमध्ये एक ठरलेले उदाहरण असते. घर्षणरहित टेबलावर दोन ठोकळे दोरीने एकमेकांना बांधलेले आहेत, पुढच्या ठोकळ्याला अमुक इतके न्यूटन बल लावले, तर मधल्या दोरीतील ताण किती? कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते आणि अकरावीच्या वर्गात हे उदाहरण दरवर्षी फळ्यावर लिहिते. बहुतेक मुलांचे उत्तर बरोबर येते. मात्र ते कोणत्या वाटेने आले हे विचारले की वर्ग गप्प होतो, कारण दिलेल्या राशी पाहायच्या, त्या बसतील असे सूत्र आठवायचे आणि आकडे भरायचे, ही त्यांची पद्धत. त्यांना तरी काय दोष द्यायचा? अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत उरकायचे असतात, त्यामुळे विचार करत बसणारा मागे पडतो, हे त्यांच्या मनावर दहावीच्या सुट्टीपासूनच ठसवलेले असते.

त्या दिवशी रसायनशास्त्राचे सर बाहेरगावी गेल्यामुळे त्यांचा तासही माझ्याकडे आला होता. डिसेंबर महिना होता आणि गळीत हंगाम भरात असल्यामुळे खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून उसाने भरलेले ट्रॅक्टर सारखे कारखान्याकडे जात होते. प्रत्येक बलाला तितकेच उलट दिशेचे बल असते, हा न्यूटनचा तिसरा नियम सांगून मी उदाहरणाकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतो आणि सुट्टीच्या दिवशी तो वडिलांबरोबर फेऱ्यांना जातो, एवढे मला ठाऊक होते. त्याने विचारले, “मॅडम, ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढं पुढं ओढतोय, तेवढंच ट्रॉली त्याला मागं ओढतीय म्हणता. मग दोन्ही फिटलं की. ट्रॅक्टर हलतोयच कसा?”

वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. न्यूटनने 1687 साली ‘प्रिन्सिपिया’मध्ये तिसरा नियम मांडताना दोरीने दगड ओढणाऱ्या घोड्याचेच उदाहरण घेतले आहे आणि दगडही घोड्याला तितकाच मागे ओढतो, असे स्वच्छ लिहिले आहे. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली बलाच्या संकल्पना तपासणारी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यातही बंद पडलेल्या मोठ्या ट्रकला मागून ढकलणारी छोटी मोटार आहे. वेग वाढत असताना, ट्रक मोटारीला ढकलतो त्याहून मोटार ट्रकला जास्त जोराने ढकलत असली पाहिजे, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. सूत्रे तोंडपाठ असलेल्यांनाही तसेच वाटते. आमचा मुलगा निदान आपली शंका उघड बोलून दाखवत होता.

मी टेबलावरचे ठोकळे पुसले आणि फळ्यावर ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्या काढल्या. वर्गाला म्हटले, “आकडे तुम्ही सांगा.” यानंतरचा दीड तास मी ठरवला नव्हता. भरलेली ट्रॉली काट्यावर किती भरते यावरून मुलांमध्येच वाद झाला आणि शेवटी ट्रॉलीसकट 10 टन, म्हणजे 10,000 किलोग्रॅम, यावर तडजोड झाली. ट्रॅक्टर अडीच टनांचा धरला. गुरुत्वीय त्वरण हिशेबाच्या सोयीसाठी 10 घेतले. डांबरी रस्त्यावर चाके फिरताना होणारा विरोध वजनाच्या दोन टक्के, असे मी सुचवले. प्रत्येक ट्रॉलीमागे हा विरोध 2,000 न्यूटन आणि ट्रॅक्टरसाठी 500 न्यूटन झाला. सपाट रस्त्यावर गाडी सेकंदाला 0.2 मीटर प्रतिसेकंद या त्वरणाने वेग घेते आहे, असे मानले.

मग एक नियम घातला. कोणतेही समीकरण लिहिण्याआधी एकाच वस्तूभोवती खडूने तुटक रेघ ओढायची आणि त्या रेघेच्या आत बाहेरून लागणारी बलेच मोजायची. मुले ज्याला एफबीडी (फ्री बॉडी डायग्रॅम) म्हणतात आणि परीक्षेत दोन गुणांसाठी उरकतात, ती आकृती म्हणजे हीच रेघ असते. पहिली रेघ मागच्या ट्रॉलीभोवती पडली. तिच्यावर पुढे ओढणारी, दोन ट्रॉल्यांना जोडणारी पिन आणि मागे खेचणारा 2,000 न्यूटनचा विरोध, एवढीच दोन आडवी बले. त्वरणासाठी निव्वळ 2,000 न्यूटन लागतात, म्हणून मधल्या पिनेवर 4,000 न्यूटन. दुसरी रेघ दोन्ही ट्रॉल्यांभोवती ओढली, तेव्हा मधली पिन रेघेच्या आत गेली आणि हिशेबातून नाहीशी झाली. ट्रॅक्टरच्या पिनेवर 8,000 न्यूटन आले, म्हणजे बरोबर दुप्पट.

तो मुलगा पुन्हा उठला. “म्हणूनच ट्रॅक्टरचीच पिन झिजती, मॅडम. मागची आमची दोन हंगाम तीच हाय.” त्याच्या दप्तरात एक झिजलेली पिन होती, गावातल्या लोहाराला दाखवायला त्या दिवशी बरोबर आणलेली. बोटभर जाडीची ती लोखंडी कांब ट्रॉलीच्या दांडीचे कडे घासून मधोमध एका बाजूने खाल्ली गेली होती आणि दुसरी बाजू जवळजवळ नव्यासारखी होती. ती वर्गभर फिरली. बल नेहमी एकाच दिशेने लागत होते, हे सांगायला मला शब्द वापरावे लागले नाहीत.

मूळ शंका मात्र अजून शिल्लक होती. तिसरी रेघ एकट्या ट्रॅक्टरभोवती ओढली. ट्रॉल्या त्याला 8,000 न्यूटनने मागे ओढतात आणि त्याचा स्वतःचा 500 न्यूटन विरोध आहे. त्याने ट्रॉल्यांवर लावलेले 8,000 न्यूटन या रेघेत येतच नाहीत, कारण ते त्याच्यावर लागलेले नाहीत, ते ट्रॉल्यांवर लागले आहेत. मग त्याला पुढे कोण ढकलते? “इंजिन,” असे अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला. इंजिन रेघेच्या आत आहे, असे मी म्हटल्यावर शांतता पसरली. पहिल्या बाकावरची एक मुलगी चाचरत म्हणाली, “रस्ता?” कोणालाच ते पटेना. तेव्हा मीच विचारले की फडातून भरलेली ट्रॉली काढताना चिखल असला तर काय होते. मागची चाके जागच्या जागी गरागरा फिरतात आणि मग त्यांच्याखाली पाचट टाकतात, हे सगळ्यांनी पाहिलेले होते. इंजिन तेच, डिझेल तेच, पण चिखलाला चाक पुढे ढकलता येत नाही आणि पाचटाला येते. आता रस्त्याने द्यायचे बल मोजता आले: 8,000 अधिक 500, अधिक अडीच टनांच्या त्वरणासाठी 500, म्हणजे 9,000 न्यूटन. शंका विचारणारा खाली बसला, पण गप्प बसला नाही.

“मग चढाला?” त्याने विचारले. गावापासून थोड्या अंतरावर एक चढ आहे आणि तिथे एक ट्रॉली पायथ्याशी सोडून दुसरी आधी वर नेतात, मग ट्रॅक्टर परत येऊन पहिली नेतो. नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरचे टोचन लावतात. चढ वीस मीटरला एक मीटर धरला, तर वजनाचा विसावा भाग मागे ओढतो. दोन ट्रॉल्यांसकट एकूण 22,500 किलोग्रॅम, म्हणजे चढाचे 11,250 आणि चाकांच्या विरोधाचे 4,500, मिळून 15,750 न्यूटन, आणि तेही वेग न वाढवता. आता रस्ता देऊ तरी किती शकतो? ओढणाऱ्या मागच्या दोन चाकांवर साधारण 16,000 न्यूटन वजन आणि टायर व डांबर यांच्यातला घर्षण गुणांक 0.7, म्हणजे जास्तीत जास्त 11,200 न्यूटन. एका ट्रॉलीसाठी तोच हिशेब केला, तेव्हा 6,250 अधिक 2,500, म्हणजे 8,750 न्यूटन आले. एक ट्रॉली चढते, दोन चढत नाहीत. लोक वर्षानुवर्षे करत आले ते वहीच्या अर्ध्या पानावर उतरलेले पाहून वर्गात एकच गलका झाला आणि शेजारच्या वर्गातील बाई दारात येऊन गेल्या.

एक जण अडून बसला की जास्त घोड्यांचा ट्रॅक्टर घेतला तर दोन चढतील. पन्नास अश्वशक्ती म्हणजे सुमारे 37,000 वॅट. ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दीड मीटर वेगाने 15,750 न्यूटन ओढायला 24,000 वॅटसुद्धा लागत नाहीत. घोडे पुरतात, पकड पुरत नाही. दुसऱ्याने याहून चांगला आक्षेप घेतला: ओढ बसली की ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, म्हणजे मागच्या चाकांवर वजन वाढणारच. तो खरा होता. पिनेची उंची अर्धा मीटर आणि दोन आसांमधले अंतर दोन मीटर धरून मी त्याला साधारण साडेतीन हजार न्यूटनची भर काढून दाखवली. पकड 13,650 पर्यंत गेली, तरीही कमीच पडली. पुढच्या बंपरवर वजने का ठेवतात, हे त्याला मी न सांगताच कळले.

उतरणीचा हिशेब मात्र मी मुद्दाम करायला लावला. शेतीच्या ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतात. साडेबावीस टन थांबवण्याचे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना करावे लागते. त्यांची सगळी पकड, 11,200 न्यूटन, ब्रेकला मिळाली आणि चाकांच्या विरोधाचे 4,500 त्यात मिळवले, तरी उतार 11,250 न्यूटनने पुढे लोटत असतो. हाती उरतात 4,450 न्यूटन, आणि मंदन निघते सेकंदाला जेमतेम 0.2 मीटर प्रतिसेकंद. ताशी 20 किलोमीटर वेगाने येणारी ही गाडी सपाटीवर 22 मीटरांत थांबते. त्याच उतारावर तिला 78 मीटर लागतात. ताशी 30 किलोमीटरचे उत्तर मुलांनीच काढले: सुमारे 175 मीटर. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांची नावे वर्गात लगेच निघाली. त्या मुलाचे वडील मात्र, चढताना जो गिअर तोच उतरताना, असे त्याला बजावत असतात.

घरच्या अभ्यासाला मी मागच्या ट्रॉलीला 20,000 न्यूटनचा ब्रेक जोडून दिला. त्याच उतारावर ताशी 20 किलोमीटरवरून थांबण्याचे अंतर 14 मीटर, हे दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी आणले. मधली पिन आता दाबली जाते की ताणली जाते, हे मात्र मागच्या ट्रॉलीभोवती तुटक रेघ ओढणाऱ्यांनाच सांगता आले. ती ताणली जाते, सुमारे 6,100 न्यूटनने.