लग्नाआधी आरएफ करून घेऊ काय?

लग्नसराई जवळ आली की खानापूर, निपाणीकडच्या बायका बेळगावात माझ्या दवाखान्यात येतात आणि हमखास विचारतात, "डॉक्टर, मुलीचं लग्न ठरलंय. गाल ओघळल्यात. ते आरएफ का काय म्हणत्यात, करून घेऊ काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. करून घ्या, पण लग्नाच्या तीन-चार महिने आधी. अक्षता आठवड्यावर आल्या असतील तर पैसे जपून ठेवा.

आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी. यात मशीनमधून खूप वेगानं दिशा बदलणारी वीज त्वचेत सोडतात. या विजेला त्वचेच्या आतला थर विरोध करतो, त्यातून उष्णता तयार होते. त्वचेला ताण देणारे कोलॅजेनचे तंतू त्या उष्णतेनं थोडे आकसतात आणि शरीर नवं कोलॅजेन बनवायला घेतं. हे काम सावकाश चालतं, कधी सहा महिनेही. म्हणून दुसऱ्या दिवशी चेहरा जो तुकतुकीत दिसतो, ती बहुतेक सूज असते.

आपल्याकडच्या सावळ्या, उन्हानं रापलेल्या चेहऱ्यांसाठी मला हा उपाय आवडतो. बऱ्याच लेझरचा प्रकाश त्वचेतलं रंगद्रव्य शोषून घेतं, त्यामुळे काळे डाग पडायची भीती असते. आरएफची उष्णता रंगावर अवलंबून नसते. जन्मभर उसाच्या फडात राबलेल्या बाईला यातलं काहीच मिळू नये, असं मला वाटत नाही.

पण भाजण्याचा धोका आहेच. आम्ही गालावर जेल लावून प्रोब, म्हणजे मशीनचं त्वचेला टेकणारं टोक, सतत फिरवत ठेवतो, वरच्या त्वचेचं तापमान मोजत राहतो. साधारण ४० ते ४२ अंश. कोमट वाटलं तर ठीक, चटका बसला तर लगेच "बस" म्हणायचं. म्हणूनच या प्रकारात मी भूल देणारं मलम लावत नाही, तुमचं "बस" मला हवं असतं. एका पार्लरमध्ये 'काही कळणार नाही' म्हणून मलम चोपडून मशीन फिरवलेली एक बाई माझ्याकडे आली होती. जबड्याच्या कडेला रुपयाएवढा भाजल्याचा डाग, आणि चार दिवसांवर पोरीची हळद. मला अजून त्याचा राग येतो.

सुया टोचून आत उष्णता देणारं आरएफ हा आणखी वेगळा प्रकार. तो डॉक्टरकडेच करा.

थोडीफार सैल त्वचा यानं आवळते. हनुवटीखाली कातडी लोंबत असेल तर फारसा फरक पडत नाही, तिथं शस्त्रक्रियाच लागते. गाल आधीच बसलेले असतील तर मी सहसा नको म्हणते, कारण उष्णता फार झाली तर त्वचेखालची चरबी विरघळून चेहरा आणखी ओढलेला दिसतो. आणि केलंत तरी शेतात जाताना सनस्क्रीन आणि डोक्यावरचा पदर सोडू नका, नाहीतर नवं कोलॅजेनही ऊन खाऊन टाकेल.

छातीत पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर खुर्चीवर बसायच्या आधीच सांगा. मग आरएफ करायचंच नाही.