ढाळ

१७ एप्रिल, रात्री

आज न्हाणीच्या कामाचा एकविसावा दिवस. गवंडी आठ म्हणाला होता. टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या वहिनींकडे आंघोळीला जाताना आता त्यांचं कुत्रंही भुंकत नाही.

पावसाआधी उरकायचं म्हणून मार्चअखेर काम काढलं आणि आंब्याचा हंगाम विसरले. हाताखालचे दोन गडी चौथ्या दिवशी आंबे काढायला गेले ते गेलेच. तिकडे मजुरी जास्त, बोलणार काय?

जुन्या टाइल्स काढल्या तर जांभ्याचे कपचेच सुटून आले. भिंत ओळंब्यात नव्हतीच, वर-खाली सव्वा इंचाचा फरक. तो भरून काढायला जाड प्लास्टर, वर टाइल. आधीच आठ बाय पाचची न्हाणी, ती आणखी आक्रसली. प्लंबरने भिंतीतला लोखंडी पाइप कापून हातात दिला. अर्ध्या इंचाच्या पाइपात गंज साचून पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक उरलेलं. मी दहा वर्षं शॉवर बदलत होते! आता सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारा प्लास्टिकचा पाइप टाकलाय, तरी मोठ्या ताटाएवढा शॉवर मी दुकानात परत केला. टाकी शॉवरच्या वर जेमतेम दीड मीटर, म्हणजे दाब ०.१५ बार. त्यात पाऊस कसला पडणार, नुसतं ठिबकणार.

मग कोबा, टाइलखालचा पाणी अडवणारा थर. ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या तोंडाला, बोळा कोंबून दोन इंच पाणी ४८ तास साठवायचं आणि बाहेर कुठे ओल येते का बघायचं. ४० चौरस फुटांना जवळजवळ १९० लिटर पाणी लागलं. विहिरीत कळशी तळाला खरवडतेय आणि सून पाणी ओतून ठेवतेय, म्हणून सासूबाई माझ्याशी बोलेनात. दुसऱ्या दिवशी माजघराच्या भिंतीवर पंजाएवढा डाग उमटला. त्या बराच वेळ त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘बरं झालं ओतलंस ते.’ भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा पुन्हा उकरून भरला. दोन दिवस गेले, पण टाइल लावल्यावर हे कळलं असतं तर?

(प्लंबर ‘नानी ट्रॅप’ म्हणतो. न्हाणीचंच ते. घराघरांत बाथरूम झालं, न्हाणी जाळीखाली उरली.)

टाइल मी चिपळूणहून आणली, दोन बाय दोनची. गवंडी पहिल्याच दिवशी म्हणाला होता, ‘वहिनी, ही मोठी पडेल. ट्रॅप कोपऱ्यात आहे, पाणी दोन्ही बाजूंनी उतरवायचंय. एक बाय एकची घ्या.’ मला सांधे कमी हवे होते, घासायला सोपं म्हणून. तो फुटाला पाव इंच ढाळ धरत होता, पण मोठी टाइल वाकत नाही. एक कोपरा दाबला की समोरचा उचलतो.

काल संध्याकाळी सासूबाईंनी दारातून तांब्याभर पाणी ओतलं. निम्मं जाळीकडे गेलं, निम्मं बेसिनखाली जाऊन बसलं. ‘थांबलं गो पाणी,’ एवढंच म्हणाल्या. त्यांच्या न्हाणीतल्या काळ्या दगडावरून पाणी सरळ केळीच्या आळ्यात जायचं, ढाळ मोजायला तिथे कुणी गेलं नव्हतं. गवंडी म्हणतो, वायपरने ओढा. पण त्यांचं वय ७८, गुडघे धरलेले. पहाटे अंधारात पाय त्या डबक्यात पडला तर वायपर काय करणार?

आज चार टाइल्स फोडल्या. तिथे एक फुटी कापून बसवणार आहे. डब्यावरचा बॅच नंबर दुकानदाराला फोनवर वाचून दाखवला. तो माल संपला, नवा आलाय तो एक छटा पिवळा. म्हटलं पाठवा, तिथे बादलीच असते.

टाइल्स रविवारी येतील म्हणाला. तोवर वहिनींकडेच.