चारही पाय दिसले पाहिजेत

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यात महाग घोडा केवढ्याचा होता? मला काय माहीत! तो ज्या मांडवात बांधला होता तिथे वर धरलेल्या मोबाइलांपलीकडे काही दिसलंच नाही.

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या या तापीकाठच्या गावात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत हा बाजार. दोंडाईच्यापर्यंत रेल्वे, पुढे रस्त्यानं. मुक्कामाबद्दल न बोललेलं बरं; आमच्या लॉजवाल्यानं जास्तीच्या पांघरुणाचे वेगळे पैसे लावले आणि खानदेशातली डिसेंबरची थंडी बघता ते मुकाट्यानं द्यावे लागले. दर्शन, पाळणे, गर्दी हे सगळं एका संध्याकाळी उरकलं.

दुपारी मात्र इथे फोटो काढायला जाऊच नये, हे माझं ठाम मत. ढोल वाजतोय, घोडा दोन पायांवर उभा केलाय, आणि रीलवाली पोरं ओरडतायत, ‘पुन्हा, पुन्हा!’ त्या जनावराचे कान मागे चिकटलेले, डोळ्यांची पांढरी कड दिसतेय. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं. दिसत नाही ते शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं. माणसं नेमकी तिथेच जाऊन उभी राहतात. एखादी लाथ बसली की दोष परत घोड्याचाच.

सकाळी तोच बाजार वेगळा असतो. खरारा चाललेला, तोंडाला दाण्याच्या पिशव्या, म्हणजे तोबरे, चढलेले, कुणी नाल तपासतंय. एका मांडवात काळी मारवाडी घोडी होती, पंचकल्याण: चार पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा. मारवाडी जातीच्या घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टवकारले की टोकाला टोक भिडतं. मागून ऊन आलं होतं आणि कानांच्या कडेची लव पेटल्यासारखी दिसत होती. काळ्या घोड्याला कॅमेरा आपल्या मनानं करडा करून टाकतो, म्हणून उजेड कमी करून मी नुसत्या कानांचा फोटो काढला आणि खुशीत मालकांना दाखवला.

‘झकास,’ ते म्हणाले. ‘पण ताई, घोडी कुठंय?’

मग काकांनी माझी शिकवणीच घेतली. उभ्यानं काढू नका, घोडी ठेंगणी दिसते. खाली बसा, कॅमेरा पोटाच्या रेषेत धरा. इतक्या जवळून नको, तोंडच मोठं येतं. घोडी मऊ गवतावरून कडक जमिनीवर आणली, कारण खूर गवतात बुडले की गिऱ्हाइकाला वाटतं पायात ऐब आहे. अलीकडचे दोन पाय जरा फाकवले, म्हणजे पलीकडचे दोन मधून दिसतील. आयाळ पलीकडे टाकली. एक पोरगा समोर जाऊन हरभऱ्याचा तोबरा खुळखुळवू लागला. कान ताठ झाले, टोकं भिडली, मान उचलली गेली, आणि काका ओरडले, ‘हाण!’

घोड्याच्या फोटोत पायांचा हा हट्ट जुनाच. १८७८ साली मायब्रिज या छायाचित्रकारानं अमेरिकेत ओळीनं कॅमेरे लावून दाखवलं की धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमीन सोडतात, तेही पोटाखाली गोळा झालेले असताना; चित्रकार तोवर ते पुढेमागे ताणून रंगवत होते. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘पळताना कोण विकत घेतंय?’

त्यांना सगळ्यात हवा होता तो गळ्यावरच्या भोवऱ्याचा फोटो. देवमण म्हणतात त्याला, शुभ. उंची ६४ इंच, दात चार (त्यावरून वय कळतं), चाल रेवाल म्हणजे स्वाराला हिसके न देणारी, हे तोंडी सांगितलं तरी चालतं; भोवरा मात्र दाखवावा लागतो. तो केसांचा एवढासा गोल नीट यावा म्हणून मी गळ्याखाली पाऊण तास घालवला. घोडीनं तेवढ्यात माझ्या ओढणीचं टोक चघळून टाकलं.

फोटो तिथेच त्यांच्या मोबाइलवर पाठवले. दुपारी चहाला पुन्हा त्या मांडवात गेले तर एक गिऱ्हाईक तोच फोटो बोटांनी मोठा करून बसलेलं. ‘मागचा डावा बघा. पांढरं बाकीच्या तीन पायांपेक्षा खाली संपतंय. हे कसलं पंचकल्याण?’ आणि भाव पाडायला सुरुवात. एरवी घोडी हलती असताना हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. फोटो स्पष्ट आला होता, चारही पायांसकट.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘ताई,’ ते हळूच म्हणाले, ‘तो कानांचा पाठवा बरं.’